पुढच्या वर्षी कायमचं

लिफ्टवाल्याच्या बायकोचं डोकं वकीलबाईंच्या खोलीतच तापलं. साधं मृत्युपत्र करायचं होतं. मूलबाळ नव्हतं, एकाच्या मागे सगळं दुसऱ्याला, एवढंच लिहून हवं होतं. त्यासाठी तिने चष्म्याच्या दुकानातून अर्धी सुट्टी काढली होती.

वकीलबाईंनी नवऱ्याला विचारलं, "तुमचा अधिवास कुठला?"

त्याने पासपोर्ट पुढे सरकवला.

"हे राष्ट्रीयत्व झालं. जगापुढे तुम्ही कोणत्या देशाचे, ते."

"इथले नागरिक आहोत की आम्ही," बायको म्हणाली. "मतदान करतो."

"ते नागरिकत्व. इथले तुमचे हक्क. आणि राहता इथे, तो रहिवास. मी अधिवास विचारतेय. कायदा तुमचं कायमचं घर कुठलं धरतो, ते. एक अधिवास जन्माबरोबर मिळतो. दुसरीकडे जाऊन तिथेच कायम राहायचं असं मनापासून ठरवेपर्यंत तो चिकटून राहतो. तुम्ही ठरवलंय?"

लिफ्टवाल्याने पासपोर्ट परत खिशात ठेवला. "म्हणजे, सध्या आहोत इथे. पण पुढच्या वर्षी परत गावी जायचा विचार आहे."

बायकोने कपाळाला हात लावला. लग्न होऊन ती इथे परदेशात आली तेव्हापासून हे पुढचं वर्ष चालू होतं. त्यापायी घरात धड कपाट आलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या भिंतीला रंग लावायचा म्हटलं, की हा म्हणे, कशाला, जायचंच आहे. बाकी माणूस लाखात एक. दुरुस्तीला गेला, की बंद पडलेल्या लिफ्टमधल्या माणसांशी दाराच्या फटीतून असा बोले, की रडणारी माणसं हसत बाहेर येत. बायकोला मात्र आजवर एकाही प्रश्नाचं सरळ उत्तर मिळालं नव्हतं.

"मग अडचण आहे," वकीलबाई म्हणाल्या. "राहती जागा इथल्या कायद्याने जाईल. पण बँकेतलं, विम्याचं वगैरे अधिवासाच्या देशातल्या कायद्याने. तिकडे मूलबाळ नसेल तर ठरावीक हिस्सा नवऱ्याच्या भावाला जातो. मृत्युपत्रात काहीही लिहा."

"आणि आम्ही इथले नागरिक असूनही?"

"असूनही."

बसच्या थांब्यावर तिला राहवेना. "अहो, परत जाऊन करणार काय तुम्ही?"

"काय म्हणजे? लिफ्ट दुरुस्त करीन."

"तुमच्या गावात लिफ्ट आहे?"

"नाही," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तो आपणहून म्हणाला, चल, जाऊन येऊ. वकीलबाईंसमोर बसून त्याने स्वच्छ सांगितलं, "मी इथेच राहणार आहे. कायमचा."

"नुसतं माझ्यापुढे बोलून भागत नाही," त्या म्हणाल्या. "वागण्यात दिसलं पाहिजे. उद्या वाद झाला तर कोर्ट विचारतं, हे गृहस्थ चारचौघांत काय सांगत होते."

त्याने मान डोलावली. बायकोला वाटलं, सुटले एकदाचे.

रविवारी जेवणं आटोपल्यावर धाकट्या दिराचा फोन आला. ती भांडी विसळत होती. पाणी, पीक, कुणाचं तरी गुडघ्याचं दुखणं, सगळं झालं आणि मग तिच्या कानावर आलं, "नाही रे, यंदा जमत नाही. पुढच्या वर्षी येतोच, कायमचा."

ओल्या हातानेच तिने फोन काढून घेतला. "भाऊजी, हे कायमचे वगैरे येणार नाहीत. भेटायला येतील. आम्ही इथेच राहणार आहोत."

दीर अगदी सहज म्हणाला, "वहिनी, ते आम्ही केव्हाच धरून चाललोय. दादाच्या खोलीत माझी सून राहते. त्याला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

तिने फोन नवऱ्याच्या हातात दिला. "घ्या. भाऊजींना सगळं माहीत आहे."

त्याने फोन कानाला लावला आणि भावाचं ऐकून घेतलं. तिचा राग अजून उतरला नव्हता. एवढी वर्षं तिने रंग न लावलेल्या भिंतींत काढली होती, आणि गावच्या ज्या माणसांसाठी हे नाटक चालू होतं त्यांना त्याची गरजच नव्हती. तरी त्याचा उतरलेला चेहरा बघून तिने पुढचं बोलणं गिळलं आणि चहा टाकला.