दात मेलाय, हिरडी जित्ती हाय

प्रिय ओंकार आणि सई,

रविवारी फोनवर ओंकारने विचारलं, "आजी, या दाताचं रूट कॅनाल झालंय. नस काढलेली आहे. मग तो उपटताना दुखेल कसा?" पुढच्या आठवड्यात त्याचा तो दात काढायचा आहे. नेमका हाच प्रश्न मी नऊ वर्षांपूर्वी राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात विचारला होता. उत्तर डॉक्टरांच्या आधी त्यांच्या मदतनीस बाईंनी दिलं.

"बाई, दात मेलाय. हिरडी जित्ती हाय की! इंजेक्शन घ्यायलाच पायजे."

त्यांच्याबद्दल आजच लिहायला हवं. का, ते शेवटी सांगते.

दवाखान्यात सगळे त्यांना मावशी म्हणत. माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान, तरी मीही म्हणू लागले. रोज सकाळी कबनूर गावाहून यायच्या. मी शाळेत इंग्रजी शिकवलेलं, म्हणून त्यांच्यासाठी मी 'बाई'.

डॉक्टर तरुण आणि फार गोड बोलणारे. इंजेक्शन देताना प्रत्येकाला सांगत, "मुंगी चावल्यासारखं वाटेल हं." मागे उभ्या मावशी मान हलवत. "मुंगी न्हाय, पावणं. मुंगळा. पण एकदाच चावतोय." खुर्चीतला माणूस हसायचा, आणि तेवढ्यात इंजेक्शन होऊन जायचं. त्यांना खोटा धीर देता येत नसे. म्हणूनच लोक त्यांच्यावर विश्वास ठेवत.

माझा दात खालचा, मागचा. चिक्की खाताना कॅपसकट तडकला. सई, तू तेव्हा नुकतीच जन्मली होतीस. आठ दिवसांनी तुझ्या बारशासाठी तुमच्याकडे यायचं माझं विमान होतं. डॉक्टर म्हणाले, तिकडे जाऊन त्रास नको, आत्ताच काढू.

मावशींनी आधीच सगळं सांगून टाकलं. "असला दात वाळक्या काटकीगत झालेला असतोय. सबंध निघंल असं धरून बसू नका. तुकडं होत्यात. मग डॉक्टर एकेक मूळ येगळं काढत्यात. दुखायचं न्हाय, पण रेटा कळंल. दुखलंच तर डावा हात वर करा, मी थांबवतो त्यास्नी." मग माझ्या हनुवटीखाली आपला तळहात घट्ट लावला.

थोड्या वेळाने कडकन आवाज झाला. मी डोळे मिटले.

"आवाज दाताचा हाय, बाई. तुमचा न्हाय."

पाऊण तास लागला. दात तीन तुकड्यांत निघाला. हात वर करायची वेळ आली नाही, आणि तो तळहातही एकदाही हलला नाही.

निघताना दवाखान्याचा छापील कागद मिळाला. त्यावर मावशींचा भरवसा नव्हता. "छापलेलं कोण वाचतंय?" म्हणत त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पानामागे बॉलपेनने चिठ्ठी लिहून दिली. 'कापूस पाऊण तास दाबून धरायचा. आज थुकायचं न्हाय, गिळायचं. चूळ भरायची न्हाय. उद्यापास्नं मिठाचं कोमट पाणी निस्तं तोंडात धरायचं आन सोडायचं. रक्ताची गुठळी म्हंजे खड्ड्यावरचं झाकण. झाकण काढलं तर बोंब.'

घरी येऊन मी काय केलं असेल? लाल पेन घेतलं. 'थुकायचं'मधल्या 'थु'वर अनुस्वार दिला, प्रत्येक 'न्हाय' खोडून वर 'नाही' लिहिलं. चिठ्ठी नीट घडी करून चष्म्याच्या घरात ठेवली. मग गार दूधभात खाल्ला आणि जेवणानंतर लहानपणापासून जे करत आले तेच केलं. बेसिनपाशी जाऊन तीन खळखळून चुळा भरल्या. भाषा सुधारली होती, मजकूर डोक्यात गेलाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी कळ कानापर्यंत गेली. विमानाला पाच दिवस उरले होते. डॉक्टर आत बघून म्हणाले, "हाड उघडं पडलंय. असंच दुखत राहिलं तर प्रवास पुढे ढकलावा लागेल." मला रडू फुटलं. बारसं माझ्यासाठी थांबणार नव्हतं.

मावशींनी विचारलं, "चूळ भरलीसा न्हवं?"

"एकदाच."

"एकदाच पुरतंय की. चिठ्ठी कुठाय?"

मी चिठ्ठी काढून दिली. त्यांनी लाल खुणा बराच वेळ पाहिल्या. मला जमीन दुभंगावी असं झालं.

"किती मार्क पडलं म्हणायचं मला?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि हसत माझ्या हनुवटीखाली पुन्हा हात लावला. डॉक्टरांनी खड्ड्यात लवंगेच्या वासाच्या औषधाची पट्टी भरली. पुढे ती दोनदा बदलली. रोज संध्याकाळी कबनूरला पोचल्यावर मावशींचा फोन यायचा.

"जेवलासा? खळाखळा चूळ?"

"न्हाय," मी म्हणायचे. अगदी असंच.

ठरलेल्या दिवशीच मी विमानात बसले. सई, तुझ्या पाळण्याची दोरी मी ओढली, तो फोटो तुमच्याकडे आहे. डावा गाल जरा सुजलेला दिसतो.

रविवारी ओंकारचा फोन ठेवल्यावर वाटलं, मावशींनाच विचारावं. फोन त्यांच्या सुनेने उचलला; ती सासूला आत्या म्हणते. "आत्या गेल्या की, बाई. दोन महिनं झालं." मग तिनेच विचारलं, "दाताचं काय विचारायचं होतं का?"

ओंकार, इंजेक्शन घे. दात तुकड्यांत निघाला तर घाबरू नकोस, आवाज तुझा नसेल. आणि त्या दिवशी चूळ भरू नकोस.

चिठ्ठी अजून माझ्या चष्म्याच्या घरात आहे. तिचा फोटो पाठवते आहे, बोली अडली तर आई वाचून दाखवेल. माझी लाल शाई उडून गेली आहे. मावशींचं अक्षर सगळं वाचता येतं.

तुमची आजी