अण्णांनी लावून दिलेला क्रम

आमच्या कारखान्यात तान्ह्या बाळांना ऊब देणाऱ्या पेट्यांचे सर्किट बोर्ड बनतात. मी सोल्डरिंगला. शेजारच्या टेबलावर दुरुस्तीवाले अण्णा, तीस वर्षं त्याच खुर्चीत. गुडघे गेलेले, नजर अधू होत चाललेली, निवृत्तीला आठ महिने उरलेले. "कसे आहात?" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "ढकलतोय." माणूस हुशार, पण दुसऱ्याचं ऐकून घेणं त्यांच्या रक्तातच नाही, ही माझी जुनी तक्रार.

त्या महिन्यात चाळीस बोर्ड परत आले. सगळ्यांना एकच रोग, तापमान अर्ध्या अंशाने चुकीचं. बाळांच्या जिवाशी खेळ तो. प्रत्येक बोर्डावर टेस्टिंगच्या ताईंची सही होती, म्हणून साहेबांनी त्यांना शनिवार शेवटचा असं सांगून टाकलं. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," मी अण्णांना म्हणाले. "काहीतरी शोधा."

तीन दिवस ते बोर्ड उलटेपालटे करत होते. तापमानाच्या सिग्नलचे आकडे करणारी चिप चालू होती, पण तिच्या इनपुटमधून बारीकसा करंट गळत होता आणि तेवढ्यानेच आकडा सरकत होता. पाकिटातली कोरी चिप मात्र ठणठणीत. म्हणजे ती बिघडत होती आमच्याकडेच.

गुरुवारी दुपारी त्यांनी ताईंच्या टेबलावर सिग्नलच्या वायरीत मीटर लावला आणि नेहमीच्या क्रमाने पहिलं बटण दाबलं. सिग्नल आला. बोर्डाला अजून विजेचा सप्लाय दिलेलाच नव्हता, तरी काटा चढला, म्हणजे बंद चिपमध्ये करंट शिरत होता.

"बघ," अण्णा म्हणाले. "दार बंद आणि आपण पाहुण्याला खिडकीतून आत कोंबतोय. जुन्या चिपने वर्षानुवर्षं सोसलं. यंदा तिच्या जागी आलेली ही नवी नाजूक आहे."

"पण हा क्रम लावला कुणी?"

त्यांनी भिंतीवरच्या पिवळ्या कागदाकडे बोट केलं. आधी सिग्नल, मग सप्लाय. अक्षर त्यांचंच. सिग्नल स्थिर व्हायला वेळ लागतो, तो आधी दिला की दर बोर्डामागे अर्धं मिनिट वाचायचं. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

शुक्रवारी ते साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. मी दारात उभी होते.

"अण्णा, आठ महिने राहिलेत," साहेब म्हणाले. "झाकली मूठ झाकलेलीच राहू द्या ना. क्रम बदलून टाका, झालं."

अण्णा न विचारताच खुर्चीत बसले. "दमलोय हो साहेब. हे ओझं घेऊन आठ दिवससुद्धा निघायचे नाहीत. चूक माझी आहे, लिहून देतो."

आणि दिलं. ताईंची नोकरी राहिली. अण्णांना सोमवारपासून घरी बसायला सांगितलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

शनिवारी डबा आवरून ते ताईंच्या टेबलापाशी गेले. "ताई, माझ्यामुळे तुम्हाला फार ऐकून घ्यावं लागलं. माझं लक्षच गेलं नाही."

ताईंनी मान वर केली नाही. "मी विचारलं होतं तुम्हाला. नवी चिप आली त्याच आठवड्यात. तिच्या माहितीपत्रकात लिहिलंय म्हटलं, आधी सप्लाय द्या म्हणून. तुम्ही म्हणालात, 'तुम्ही बटणं दाबा, वाचायला मी आहे.'"

अण्णांनी हातातला डबा टेबलावर टेकवला.

"मला आठवत नाही," ते म्हणाले.

"मला आठवतं," ताई म्हणाल्या आणि त्यांनी पुढचा बोर्ड घेतला.