मोठ्या पाकिटांची जागा

आमच्या गच्चीवरच्या खोलीत एक जुना संगणक आहे. मानवतच्या अर्ध्या पेठेचं इंटरनेट त्यातून जातं. धंदा माझ्या दिराचा. मी पुण्याच्या कंपनीचं काम घरून करते, तेही ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटातलं, म्हणून दुरुस्ती आपसूक माझ्या गळ्यात.

कापसाच्या हंगामात नेट रोज दुपारी तुटायला लागलं. "ताई, लिलाव चालू हाय अन् तुमचं नेट झोपलंय!" अडते फोनवर ओरडायचे. भाऊजी वर जाऊन मशीन बंद करून चालू करायचे. तेवढ्यापुरतं भागायचं. दुसऱ्या दिवशी ताट पुढ्यात घेतलं की फोन वाजलाच.

"मेमरी कमी पडायलीय, वहिनी," असं म्हणत त्यांनी परभणीहून नवी रॅम आणून बसवली. आठवडाभर ऐटीत फिरले. मग पुन्हा तेच.

शेवटी वैतागून मी मशीनची नोंद उघडली. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सांगत होता: आलेल्या पाकिटाला, म्हणजे नेटवरून येणाऱ्या माहितीच्या गठ्ठ्याला, ठेवायला मेमरी मिळाली नाही, टाकून दिलं. आणि मोकळी मेमरी तर ढीगभर दिसत होती! डोकं फिरलं. नेटवर्क कार्डाची सेटिंग पाहिली, तर पाकिटाचा जास्तीत जास्त आकार नेहमीच्या सहापट.

"हे कुणी केलं?"

"मीच की. व्हिडिओत दाखवलं होतं. पाकीट मोठं तर स्पीड मोठी."

"भाऊजी, आलेलं पाकीट चिमुकलं असलं तरी आता हे कार्ड त्याच्यासाठी मोठी, सलग जागा मागतंय. त्याच मशीनवर तुम्ही दुकानांच्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवलंय. त्यानं मेमरीचे तुकडे झालेत. जागा आहे, पण एका ठिकाणी नाही. आणि पाकीट दारात आल्यावर कर्नलला आवराआवर करायला सवड नसते."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, समजलं.

"मंग अजून एक रॅम आणू का?"

मी आकार पूर्वीसारखा केला, रेकॉर्डिंग दुसऱ्या मशीनवर हलवलं. दुपारभर भाऊजी संगणकासमोर खुर्ची टाकून बसले. नेट एकदाही तुटलं नाही.

"म्हंजे रॅम उगंच घेतली," संध्याकाळी ते म्हणाले.

"हो."

त्यावर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. खरं सांगायचं तर, लय बरं वाटलं.