कोऱ्या पाठीचे कागद

दाऊदभाई कुठलाही कागद हातात आला की आधी उलटा करीत. पुढच्या बाजूला काय लिहिलंय याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसे. लिहिता-वाचता येतच नव्हतं म्हणा. मागची बाजू कोरी दिसली की चेहरा खुलायचा. "पाठ कोरी तर कागद जिता हाय," म्हणायचे, आणि तो कागद माझ्या टेबलाखालच्या खोक्यात जायचा.

साठ सालच्या आगेमागे मी कतारमधल्या दोहा शहरात एका तेल कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून लागलो. दाऊदभाई तिथले फर्राश, म्हणजे आपल्याकडचे शिपाई. माणूस आमच्याच रत्नागिरीकडचा, दाभोळच्या खाडीकाठचा. तरुणपणी अरबी गलबतांवर खलाशी होता. दुपारच्या सुट्टीत पॅन्ट्रीत बसून ते दाभणानं आणि शिडं शिवायच्या दोऱ्यानं त्या रद्दीच्या वह्या शिवत. हिवाळ्यात वारा फिरला की गलबतं आफ्रिकेकडे निघायची. ओळखीच्या नाखव्याबरोबर वह्यांचं गाठोडं तिकडच्या एका खेड्यात जायचं. तिथं गावकऱ्यांनीच चालवलेली एक शाळा होती. सरकारची नाही, मिशनची नाही. आमच्या मेसचा खानसामा तिच्यासाठी पेन्सिलींचे तुकडे जमवी, सुतार पाट्यांना चौकटी मारून देई. या कारभाराला नाव नव्हतं, अध्यक्ष नव्हता, सभा तर कधीच झाली नाही.

हे सगळं कशासाठी, हे मला तेव्हा कळलं नाही आणि खरं सांगायचं तर आजही नीट कळलेलं नाही. मी विचारलं की दर वेळी उत्तर निराळं. एकदा म्हणाले, "तिथं मना ताप भरलो व्हता, गलबत सोडून गेला. वारा परत फिरेपर्यंत त्या लोकांनी ठेवला." दुसऱ्यांदा म्हणाले, "पोरां वाळूत बोटानं लिवायची. वारा आला का खलास." तिसऱ्यांदा नुसते, "मना काय ठाव. बसलू का बोटां आपोआप चालतात."

त्यांची पत्रं मीच वाचून दाखवत असे. एकदा घरून त्यांच्या भावाचं पत्र आलं, गावच्या शाळेचं छप्पर गळतंय म्हणून. मला वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पुन्हा आफ्रिकेचीच वही. मी चिडलो. "दाऊदभाई, स्वतःच्या गावाचं काही वाटतं की नाही तुम्हाला?" त्यांनी दोरा दातानं तोडला. "छप्पर गलता म्हंजे छप्पर हाय. तिथं नुसता झाड हाय, साळवी." भावाकडे दुर्लक्ष करणारा माणूस चांगला की वाईट, ते मला ठरवता येईना.

तिकडचे मास्तर मोडक्या इंग्रजीत वर्षातून एक पत्र पाठवीत. मोठी मुलं वह्यांच्या मागचा आमचा टाइप केलेला मजकूर वाचून इंग्रजी शिकू लागली होती. एका पत्रात मास्तरांनी विचारलं, फ्लँज म्हणजे काय? मुलं रोज विचारतात. दाऊदभाईंनी मला टेबलावरून उठू दिलं नाही. पाइप कसा जोडतात त्याचं चित्र काढून घेतलं, आणि ते नीट आलं नाही म्हणून दुसऱ्यांदा काढायला लावलं.

त्यांचा एक नियम होता: कागद फक्त खोक्यातून घ्यायचा, टेबलावरून कधीही नाही. तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून एका गुरुवारी अर्ध्या दिवसाची घाई होती. टेबल आवरताना एका ठेकेदाराचा सही केलेला करारनामा मी स्वतः इतर कागदांबरोबर खोक्यात टाकला. पाठ कोरी होती. पुढच्या आठवड्यात गलबत गेलं, आणि त्यानंतर साहेबांनी करारनामा मागितला.

मला लागून तीन वर्षं झाली होती, तरी नोकरी अजून कायम नव्हती. साहेबांसमोर मी फायली पुन्हा पुन्हा चाळत राहिलो. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आलेले दाऊदभाई म्हणाले, "साब, टेबल से मैंने उठाया." मी ते खोडून काढलं नाही, हातातली फाइल मिटली. त्या क्षणी माझा इतका गोंधळ उडाला की मला वाटायला लागलं, खरंच यांनीच उचलला असेल. दोन दिवस मी तसंच धरून चाललो. ते सोयीचं होतं.

त्यांना काढून टाकलं. मुंबईची आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी होती आणि धक्क्यावरून लाँच सुटायची होती. तिथं मी त्यांना गाठून सांगितलं की कागद मीच खोक्यात टाकला होता.

"ठाव हाय," ते म्हणाले. "मी टेबलावरचा घेत नाय."

"मग तसं का सांगितलंत?"

त्यांनी पत्र्याची ट्रंक खांद्यावर घेतली. "शिवणारो कोणव मिळंल. तू गेलास तर मास्तरची पत्रां कोण वाचणार?"

लाँचवाला यल्ला, यल्ला म्हणत चढायची घाई करत होता. ते चढले आणि मागे वळून पाहिलं नाही. मला माफ केलं होतं की कामाला जुंपलं होतं, हेही मी विचारू शकलो नाही.

पुढच्या हिवाळ्यात वह्या मी शिवल्या. पुढं वारा उलटला, गलबतं परतली आणि मास्तरांचं पत्र आलं. नव्या वह्यांची पानं सुटतात, असं त्यांनी लिहिलं होतं. शिवणाऱ्या भाईंची तब्येत बरी नाही का? मुलं रोज विचारतात. हे पत्र त्यांना वाचून दाखवावं.

मी पॅन्ट्रीत गेलो, त्यांच्या जागेसमोर बसलो आणि पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. चहा करणाऱ्या नव्या फर्राशानं विचारलं, "किस को सुना रहे हो, बाबूजी?"

मी पत्र उलटून पाहिलं; पाठ कोरी होती.