मास्कमधली कबड्डी

त्या हिवाळ्यात माणसांना नुसते डोळे होते. दुकानात, दवाखान्यात, शाळेच्या फाटकाशी, जिकडं पाहावं तिकडं कपाळ, डोळे आणि खाली कापड. मला ते बरं वाटायचं. तोंड झाकलेलं असलं की कोणी थांबवून बोलत नव्हतं. कापूस वेचणीला जाताना आम्ही बायका एरवीही तोंडाला फडकं बांधतोच.

पण माझ्या मुलीचं त्या कापडानं अडलं. ती नववीत होती आणि कबड्डीत चढाई करायची. शाळा उघडल्यावर सरांनी सांगितलं होतं, खेळतानाही मास्क काढायचा नाही, काढला की मैदानाबाहेर. चढाईला गेलेलीनं एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहावं लागतं आणि ते पंचाला ऐकू यावं लागतं. मुलीचा आवाज अगदी बारीक. मोकळ्या तोंडानंही तो चार पावलांवर जाऊन विझायचा.

एक दिवस वेचणीवरून परतताना मी शाळेच्या तारेबाहेर थांबले. ती मध्यरेषा ओलांडून गेली. तोंडावरचं कापड आत ओढलं जात होतं, बाहेर फुगत होतं. एकीला शिवून ती परतली, तेवढ्यात सरांनी शिट्टी वाजवली.

"दम तुटला. बाद."

"नाही तुटला सर. मी म्हणूनच राह्यली होती."

"मले ऐकू नाही आला, म्हणजे तुटला. मारेगावच्या पंचाले काय सांगू, हिचा दम मनातल्या मनात चालू हाय म्हणून?"

पोरी हसल्या. एक म्हणाली, "सर, तिच्या मास्कले परकराची नाडी हाय. आवाज तिथंच गुंतून राह्यला."

नाडी परकराचीच होती. दुकानात इलास्टिक मिळत नव्हतं, म्हणून जुन्या लुगड्याचं मऊ कापड घेऊन मी तो हातानं शिवला होता.

तालुक्याच्या संघाची निवड मारेगावला होती. तोवर आवाज निघाला नाही तर चढाईला दुसरी पोरगी नेईन, असं सर म्हणाले. घरी येऊन ती भिंतीला टेकून बसली.

"माय, मले नाही नेणार आता."

मी म्हटलं, "चाल, वावरात जाऊ. तू धुऱ्यावर उभी राह्य, मी कपाशीत जातो. ऐकू आलं तं हात वर करीन."

पहिल्या दिवशी ती धुऱ्याच्या बांधावर उभी राहिली, आणि हात वर करण्याआधी मला इतकं जवळ यावं लागलं, की तिच्या पापण्या दिसत होत्या. मग रोज संध्याकाळी मी थोडी थोडी मागं सरकत गेले. हनुवटी खाली धरली की कापड ओठांना चिकटत नाही, हे तिचं तिलाच सापडलं. आवाज पोटातून काढायचा, हेही.

सूर्य गेल्यावरही बोंडं बराच वेळ उजेड धरून राहतात. त्या पांढऱ्यात मी कमरेपर्यंत बुडून उभी असायचे आणि पलीकडून आवाज यायचा. तोंड नसलेला, कोणाचाच नसलेला. कधी वाटायचं कपाशीच बोलते आहे. कधी वाटायचं, ही मीच म्हणते आहे. मी कधी खेळले नाही. आमच्या शाळेला मैदान नव्हतं, आणि चौथीनंतर शाळाही नव्हती.

एका संध्याकाळी धुई उतरली, दाट धुकं. धुरा दिसेना, ती दिसेना. आवाज मात्र स्वच्छ आला. मी हात वर केला.

"माय, आवाज येऊन राह्यला का?"

मी हात वर धरूनच उभी.

"माय, कुठं हायस वं? ऐकू येते का नाही?"

धुईत माझा हात तिला दिसत नव्हता. मी जन्मात कोणाला लांबून हाक मारलेली नाही. घरधन्याला जेवायला बोलवायचं तरी वावर ओलांडून त्याच्याजवळ जायचे. मी "हाव" म्हटलं, ते माझ्याच मास्कमध्ये राहिलं. मग हनुवटी खाली धरली.

"हाव. येऊन राह्यला."

बाजूच्या ओळीतून टिटवी ओरडत उडाली. धुईत पोरगी हसत होती. "माय, टिटवी भेली वं तुले." मग ती म्हणायची कबड्डी, मी म्हणायचे हाव. किती वेळ, कोणास ठाऊक. धुईत वेळ कळत नाही.

मारेगावला मी सगळ्या बायांच्या मागं उभी राहिले. पंच वयस्क होते. माझी मुलगी आत गेली आणि तिचा दम सगळ्या मैदानावर पसरला. पंचांना कान द्यावा लागला नाही, ते नुसते पाय पाहत होते. दोघींना शिवून ती वळली. तिसरीनं घोटा धरला. ती ओढत, आडवी पडत रेषेला पोचली. दम चालूच होता.

"कोनाची वं ही?" पंचांनी बायांकडं पाहून विचारलं. "चढाईले हेच पोरगी राहीन."

सर बोलायला लागले, पण त्यांच्या आधी मी म्हटलं, "माही हाय." बायांनी वळून पाहिलं. मी पदर सारखा केला.

ज्यांच्यासाठी ती निवड होती, ते तालुक्याचे सामने झालेच नाहीत. रोग पुन्हा वाढला, शाळेला कुलूप लागलं. बरेच दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. मग एका संध्याकाळी मी भाकरी टाकत होते, तेव्हा मास्क न घेताच ती वावराकडं निघाली. मी तवा उतरवला आणि तिच्यामागं गेले. कपाशीच्या वाळल्या पराट्या उपटून झाल्या होत्या, वावर मोकळं होतं. ती धुऱ्यावर थांबली. मी चालत गेले, नाल्यापर्यंत गेले, नाला ओलांडला. तिचा आवाज येतच राहिला.