खळ्यावरचं ठेसन

कोळशाच्या ठेकेदारानं मला फसवलं, आणि तेही माझ्याच खळ्यावर बसून, माझाच चहा पिऊन.

मी मूळचा विंझरचा. डोंगरात कोळशाच्या भट्ट्या लावून वर आलो आणि सारोळ्याच्या बरंच पुढं, नीरेच्या अंगाला, आगगाडीच्या रुळाला लागून जमीन घेतली. तिथं मुरूम ठोकून, शेणानं सारवून असं खळं केलं, की सांडलेला जोंधळा नखानं उचलावा.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत पेट्रोल मिळेना. मोटारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या. वेल्ह्याच्या रानातला कोळसा चढवायला माझ्या जमिनीपाशी आगगाडी थांबू लागली. ठेकेदाराला ढिगासाठी टणक, सपाट जागा हवी होती. तशी जागा म्हणजे माझं खळंच. मी तीन दिवस घासाघीस केली. चढवायला माझीच माणसं, वाहायला माझ्याच बैलगाड्या, आणि काम संपलं की खळं परत. सगळं कागदावर घेतलं. मळणीचे बैल बांधायचा मधला खांब, तिवडा, मी स्वतः उपटला. त्याच खड्ड्यात ठेकेदाराच्या माणसांनी कंदिलाचा खांब रोवला, त्यावर पाटी लावली. लोक त्याला ठेसन म्हणू लागले.

लढाई संपली, पेट्रोल आलं, आगगाडी थांबायची बंद झाली. ठेकेदारानं पाटी नेली, कंदील नेला, खांबसुद्धा नेला. ठेवली ती कोळशाची भुकटी, चाकांनी मुरमात वीतभर दळून बसवलेली. मी खरवडलं, धुतलं, पाच वेळा सारवलं. सारवण वाळलं की भेगांतून काळं वर येतंच. मळणी केली तर जोंधळे काळे निघाले. बायकोनं भाकरी पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "खावा आता तुमचं ठेसन." घास दातांखाली करकरला. मी थुंकलो.

भोरला ठेकेदाराच्या दारात गेलो. त्यानं कागद माझ्यापुढं धरला. "खळं परत द्यायचं लिहिलंय, मालक. दिलं. कसं द्यायचं, ते कुठं लिहिलंय?"

नाही लिहिलं. बैलाचे दात बघितल्याशिवाय त्याच्या कासऱ्याला हात न लावणारा मी, तेवढं लिहून घ्यायचं राहिलं. पण शेजारणीची परात नेली तर घासून परत करायची, हे कोण कागदावर लिहितं?

आज मी दुसऱ्याच्या खळ्यावर, त्याची मळणी उरकायची वाट बघत बसतो. ठेकेदारानं फावडं घेऊन यावं, वीतभर उकरावं आणि नवा मुरूम ठोकून द्यावा. ते जमत नसेल तर माझ्या घरी जेवायला यावं. त्या जोंधळ्यांची भाकरी त्यानं माझ्यासमोर गिळून दाखवावी.