बटण नसलेला बोर्ड

ग्वांगह्वा या संगणकाच्या बाजाराच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, मदरबोर्ड विकण्यात ल्याओकाकांची अठ्ठावीस वर्षं गेली, आणि तेवढ्या काळात एकच मागणी त्यांनी किती वेळा ऐकली याची गणती नाही. "काका, असा बोर्ड द्या की दोन वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलला की काम झालं." घर घेतानाही माणूस करणार नाही एवढा खल या एका बोर्डावर चालायचा. काका विचारत, "खरंच बदलणार?" समोरचा छातीठोकपणे हो म्हणे. दहातले आठ पुन्हा फिरकतच नसत. फिरकले तर सगळंच नवं घ्यायला येत. हे काका आधी सांगून बघत; कुणी ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनी सांगणं सोडून दिलं.

उरलेले दोन मात्र खरोखर येत, आणि त्यांच्यासाठी काकांचा एक नेम होता. जुना बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नाही. त्याच्या पोटातला मूळ प्रोग्रॅम, म्हणजे बायॉस, आधी नवा भरावा लागतो, आणि भरताना मध्येच काही बिनसलं की बोर्ड मेला. महागड्या बोर्डांना त्यासाठी मागे एक बटण असतं: पेनड्राइव्ह लावा, बटण दाबा, मेलेला बोर्ड उठून बसतो. काका ते बटण कुणाला घेऊ देत नसत. "तीन हजार जास्त कशाला मोजतोस? काही झालं तर माझ्याकडे आण." लोक आणत. काका बायॉसच्या चिपला तारांचा एक चिमटा लावून, त्यातून तो प्रोग्रॅम पुन्हा भरून, गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत बोर्ड जिवंत करून हातात देत, तेही फुकट. शेजारच्या गाळ्यातला गाओ त्यांना तोंडावर वेडा म्हणायचा.

आता काका थकले होते. चिपचे पाय नीट दिसत नव्हते, तासभर उभं राहिलं की पाठ धरायची, आणि सगळ्यात जास्त थकवा त्या 'दोन वर्षांनी'चा आला होता. महिनाअखेरीस गाळा सोडायचा, बायकोच्या माहेरी यीलानला जायचं आणि मेहुण्याच्या कांद्याच्या पातीच्या शेतात खुरपं घेऊन बसायचं, एवढं ठरलं होतं. कुणाला सांगितलं मात्र नव्हतं. एकाला सांगितलं की अख्खा मजला येणार, पेरूच्या पिशव्या आणणार, "असं कसं हो" म्हणणार, आणि प्रत्येकाला पहिल्यापासून समजावत बसायचं. नुसत्या विचारानेच त्यांचं अंग गळून जाई. त्यापेक्षा त्यांनी गुपचूप एक केलं. गेले तीन आठवडे ते येईल त्याला बटणवाला बोर्ड देत होते.

गाओच्या नजरेतून ते सुटतंय कुठे!

"काय हो पुण्यवान," तो म्हणाला, "म्हातारपणी कमिशन गोड लागायला लागलं वाटतं?"

काकांनी पुढचा खोका पुसायला घेतला. बोलायचं म्हणजे सगळंच बोलावं लागलं असतं.

मंगळवारी दुपारी जुओ यू-जिंग आली. बसडेपोतली मेकॅनिक, चाळिशीची, कॉलेजात होती तेव्हापासूनची काकांची गिऱ्हाईक. कंपनीने आखून दिलेल्या वेगात प्रोसेसर चालू देणं तिला कधी जमलंच नाही. वीज वाढव, वेग वाढव, बंद पडेपर्यंत ताण, असा तिचा खाक्या. एक बोर्ड तिने वादळात वीज जाणार हे माहीत असून बायॉस भरायला घेऊन मारला होता, दुसरा निव्वळ हौसेने. दोन्ही काकांनी उठवले होते.

काकांनी एक खोका तिच्यापुढे ठेवला. "हा ने. वीज पुरवणारा भाग बघ, वरचं धातूचं झाकण केवढं जाड आहे! तुझा छळ हाच सोसेल. पुढचे प्रोसेसरही याच खाचेत बसतील."

"आणि याला बटण आहे," यू-जिंग म्हणाली. "हाच बिनबटणाचा मिळतो ना? तो द्या."

"तो नको."

"का पण?"

"हा चांगला आहे म्हणून."

"काका, मी काय विचारतेय आणि तुम्ही काय सांगताय! इतकी वर्षं तुम्हीच म्हणत होतात, बटण म्हणजे आळशी दुकानदाराची सोय."

"त्यांना आता कमिशनची सोय झालीय," पलीकडून गाओ बोलला.

ती काकांकडे बघत राहिली. ते गाओला नेहमीसारखं झापतील असं तिला वाटलं असावं. एका वाक्याचं काम होतं. पण त्या एका वाक्यामागून येणारे प्रश्न काकांना दिसत होते, आणि त्यांच्या जिवावर आलं.

"घ्यायचा तर हा घे," ते म्हणाले. "नाहीतर राहू दे."

ती गेली. काकांनी डबा उघडला, गार भातावरचा मांसाचा तुकडा काडीने इकडून तिकडे केला आणि झाकण लावून टाकलं.

अर्ध्या तासाने ती परत आली, काखेत खोका मारून. वरच्या मजल्यावरून घेतलेला. तोच बोर्ड, बिनबटणाचा. खोका फोडून, खाचेतले सगळे पिन भिंगातून तपासून, पावतीवर शिक्काही झालेला. या इमारतीत एकदा खोका फुटला की माल परत घेत नाहीत.

"चिडू नका," ती हसत म्हणाली. "तुम्हाला काहीतरी टोचतंय हे कळलं मला. पण तुम्ही असताना मला बटण कशाला?"

काकांनी पावतीवरचा शिक्का बघितला.

"अगं बाई," ते म्हणाले, "तीस तारखेनंतर मी इथे नाही. गाळा सोडतोय."

गाओच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर थांबला.

"मघाशी का नाही बोललात?" यू-जिंगने विचारलं.

"कंटाळा आला होता."

ते खरं होतं, आणि म्हणूनच त्यांना स्वतःची लाज वाटली. समजावून सांगण्यापेक्षा लोभी दिसणं सोपं वाटलं होतं, आणि त्याचा भुर्दंड आता हिच्या माथी.

"ये, बस," ते म्हणाले. "चिमटा कसा लावायचा ते दाखवतो. तुझा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे."

"नको."

"पाच मिनिटांचं काम आहे."

"मला नाही शिकायचं. शिकले म्हणजे तुमच्या जाण्याला मीच होकार दिल्यासारखं होईल."

काकांनी आग्रह केला नाही. कप्प्यातला एक जुना प्रोसेसर तिच्या बोर्डावर बसवला, तारा जोडल्या आणि याच आठवड्यात आलेला बायॉस भरायला लावला. पडद्यावरची पट्टी पुढे सरकत होती. तिघंही त्या पट्टीकडे बघत होते. भरून झाल्यावर काकांनी चष्मा वर करून बोर्ड ओळखेल त्या प्रोसेसरांची यादी अगदी शेवटपर्यंत वाचली.

"आजपर्यंत निघालेले सगळे प्रोसेसर हा ओळखेल," ते म्हणाले.

"आणि पुढच्या वर्षीचे?"

"ते अजून आलेलेच नाहीत, पोरी."

"तेच तर विचारतेय," ती म्हणाली. "ते येतील तेव्हा मी कुणाकडे येऊ?"